शालनवहिनींचा पहारेकरी

थोरल्या भावाचा फोन आला तेव्हा मी चाकणला पहिल्या शिफ्टमध्ये होतो. मशीनच्या आवाजात नीट ऐकू येईना म्हणून बाहेर आलो, तर दादा एवढंच म्हणाला, "शालन गेली रे…" आजार लांबला होता, मनाची तयारी आहे असं आम्ही सगळे म्हणत होतो. तसली तयारी काही होत नसते. महिना उलटून गेला, तरी पिंपळे गुरवच्या त्या घराचा जिना चढताना वाटतं, वरून "भावजी, चहा टाकू का?" असं वहिनी विचारतील.

वहिनी मूळच्या लातूरकडच्या. कुरुळीच्या कंपनीत वायरिंगच्या लाइनवर दिवसभर उभं राहून आल्या, की सोफ्यावर पाय वर घेऊन बसायच्या आणि मारामारीचा व्हिडिओ गेम लावायच्या. पुतण्या नोकरीसाठी बंगळूरला गेला, त्याचा गेमचा डबा मागे राहिला होता. एका परदेशी सिनेमावरून केलेला गेम; लढणाऱ्यांना सिनेमातल्या नटांचेच चेहरे. तो सिनेमा टीव्हीवर हिंदीत लागायचा, वहिनींना पाठ होता. त्यात एक लंगडा पहारेकरी आहे. बाकीच्यांना पळता यावं म्हणून तो वेशीवर एकटा लढतो आणि मरतो. गेममध्ये मात्र त्याला घेऊन खलनायकालाही हरवता येतं. वहिनी कायम त्यालाच घ्यायच्या.

"अहो, सिनेमात मरतो तो," मी चिडवायचो.

"म्हणूनच तर. इथं तरी जिंकू द्या की त्याला."

तो इतका संथ, की दुसरं कोणी त्याला निवडत नसे. वहिनींना त्याची नस सापडली होती. रिमोटवरच्या अडवायच्या बटणावर त्यांनी आपली लाल टिकली चिकटवली होती. अंगठा तिथून हलायचा नाही. समोरचा मारून मारून दमेपर्यंत अडवत राहायचं, मग एकच ठोसा. मला शिकवताना म्हणायच्या, "थांबा जरा. त्याला दमू द्या." दादाची कंपनी बंद पडली तेव्हा घरही त्यांनी असंच सावरलं, आरडाओरडा न करता. आजारात बोटं बधिर झाली, तरी रिमोट मांडीवर असायचा. मला या बाईचं फार कौतुक वाटायचं. तसं बोललो की त्या चहाचा विषय काढायच्या…

दादाला या खेळाचं वावडं. तो शेजारी पेपर तोंडासमोर धरून बसायचा. गेल्या रविवारी त्याने मला बोलावून सांगितलं, "तो डबा चऱ्होलीला तुझ्या घरी घेऊन जा. माझ्याच्यानं बघवत नाही."

मी वायरी काढायला वाकलो, पण नेण्याआधी एकदा लावून बघावासा वाटला. पहारेकरी निवडला. खलनायक अंगावर आला आणि मी घाबरून दिसेल ते बटण दाबत सुटलो.

"थांब जरा," मागून दादा म्हणाला. "त्याला दमू दे."

मी थांबलो, तरी हरलोच. दादा येऊन सोफ्यावर वहिनींच्या जागी बसला. रिमोट माझ्या हातातून घेतला. टिकलीची एक कड सुटली होती, ती त्याने अंगठ्याने दाबून बसवली.

"पुन्हा लाव," म्हणाला.