हिराबाईंच्या मिरच्या

शाळेच्या व्हॅनवर मावशी म्हणून काम करणाऱ्या हिराबाईंनी आमच्या गेटवर ड्रायव्हरला कधी हॉर्न वाजवू दिला नाही. व्हॅन थांबली की त्या स्वतः उतरायच्या, गुडघे दाबत दोन जिने चढायच्या आणि आमच्या सईशेजारी पायरीवर बसायच्या. "हॉर्न आयकला का पोरीचे पोटान गोला येतं," हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात ओळखलं. मी तिची आई, मला कळायला सात महिने लागले.

सई तेव्हा चौथीत होती. रोज सकाळी पोट दुखायचं, बूट घालताना उलटी व्हायची. सोनोग्राफी झाली, रक्त तपासून झालं, सगळं नॉर्मल. शेवटी बालरोगतज्ज्ञांनी मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञांचं नाव कागदावर लिहून दिलं. तो कागद पर्समध्ये घेऊन मी ऐरोलीला ऑफिसला जात राहिले. मोठी हुशार मी! दिवसभर परक्या लोकांच्या तक्रारी सोडवायच्या आणि हा एक फोन करायचा नाही. केला तेव्हा दोनदा वेळ घेतली, दोनदा रद्द केली. नवरा म्हणायचा, "नऊ वर्षांच्या पोरीला कसलं आलंय टेन्शन? लाड कमी कर." साताऱ्याहून आलेल्या सासूबाईंचं तर ठरलेलंच होतं, "दिष्ट लागलीया. आन असल्या डॉक्टरकडं नेलं तर उद्या पोरीला येडी म्हणतील." मला त्यांचा राग यायचा. खरं सांगायचं तर तीच भीती माझ्याही मनात होती.

हिराबाई जवळच्याच बोनकोडे गावच्या. भाड्याने दिलेल्या खोल्या होत्या, तरी व्हॅनवर यायच्या. "घरान बसून काय करू? पोरांत बरा वाटतं," म्हणायच्या. गावात दृष्ट काढण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. सासूबाईंना हे कळलं आणि एका रविवारी त्यांनी हिराबाईंना बोलावलंच. मी कपाळाला हात लावला.

हिराबाई आल्या त्या स्वतःचं मीठ आणि स्वतःच्या मिरच्या पुरचुंडीत बांधून. सईवरून सात वेळा ओवाळून त्यांनी मिरच्या तापल्या तव्यावर टाकल्या. सासूबाई श्वास रोखून बघत होत्या. वासच आला नाही तर दृष्ट जबर, ठसका लागला तर दृष्ट नाहीच, हे त्यांनाही लहानपणापासून ठाऊक. क्षणात असा ठसका उठला, की नवरा गॅलरीत पळाला, सासूबाईंच्या डोळ्यांना धारा लागल्या आणि सई खोकता खोकता हसायला लागली.

"लागला नं ठसका? मंग दिष्ट नाय," हिराबाई म्हणाल्या. "आजी, माजा काम झाला. आता डाक्टरचा."

मी दाखवलेले सगळे लेख, सगळे व्हिडिओ ज्यांच्यापुढे फुकट गेले होते, त्या सासूबाई नाकाला पदर लावून म्हणाल्या, "मग न्या बाई तिला." मंगळवारी आम्ही गेलो. तोंड पाडून का होईना, नवराही आला. हा भीतीचा आजार आहे आणि तो बरा होतो, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मी तिथेच रडले.

उपचार लांबले. सईला एकटीने जिना उतरायची सवय व्हावी, म्हणून डॉक्टरांच्या सांगण्यावरून हिराबाई दर आठवड्याला थोड्या खालच्या पायरीवर बसू लागल्या. दिवाळीनंतर एके दिवशी त्या व्हॅनमध्येच बसून राहिल्या आणि सई एकटी खाली गेली. मी गॅलरीतून बघत होते. हिराबाईंनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, नुसतं दार उघडलं.

पुढे गुडघ्यांनी दगा दिला आणि त्यांनी काम सोडलं. गेल्या महिन्यात मी बोनकोड्याला त्यांना भेटायला गेले. सई आता सातवीत आहे, शाळेच्या सहलीला गेली होती, ते सांगायचं होतं. बोलता बोलता मनातलं विचारलं, "मावशी, त्या दिवशी ठसका लागलाच नसता तर?"

"कसा नाय लागनार? लवंगी मिरची आनलेली, निवडून."

त्या खूप हसल्या. मग त्यांची नजर आतल्या खोलीकडे गेली. तिथे माझ्याच वयाची त्यांची लेक भिंतीकडे तोंड करून तांदूळ निवडत होती. मी आल्यापासून तिने एकदाही वळून पाहिलं नव्हतं.

"ही पन अशीच भ्यायची शालेला जाताना," हिराबाई हळू आवाजात म्हणाल्या. "हिचे येलेला ठसका लागला नवता. शाला सोरवली, चार वर्सा भगताकरं फिरलो. मंग एक दिवस मिरच्यांचे डब्यान हात घातला. मिरच्याच जुन्या व्हत्या गो."