परतीचं कुंकू

काल सुनेने हळदीकुंकवाला गुलाबपाणी शिंपडलं आणि त्या वासाने मी उठून बाहेर गेले. गोष्ट लढाईच्या दिवसांतली. माझे मालक पलटणीबरोबर परमुलखात, आणि मी कोरेगावकडची शेतकऱ्याची सून, पोरांच्या शाळेसाठी साताऱ्यात भाड्याच्या खोलीत राहत होते. घरमालक वकील, त्यांच्या बायकोने चैत्रगौरीला बोलावलं. वकील-मामलेदारांच्या बायका गालिच्यावर, मी दाराशी सतरंजीवर. वकिलीण माझ्याच वयाची, पण गालिच्यावरच्यांना ती 'अहो' म्हणे आणि मला 'अगं'. तेही गिळलं. तिने लांबूनच गुलाबपाणी शिंपडलं, बोटाचं टोक टेकवून कुंकू लावलं, ओटीत भिजवलेले हरभरे टाकले. रीतीप्रमाणे मीही तिला लावायला चिमूट उचलली, तशी ती मागे सरकली. "राहू दे गं, मला लावलेलं आहे." मग शेजारणीला म्हणाली, "लढाईवर गेलेल्याचं काय सांगावं? हिचं कुंकू आहे की गेलं, कुणाला ठाऊक!" माझ्या अंगाची लाही लाही झाली. "आवं, माझं कुंकू चालत न्हाई, तर मला बोलावलंसा कशाला?" म्हणत मी ओटीतले हरभरे तिच्या गालिच्यावर ओतले आणि निघाले. पुढे मालक पलटणीत जमादाराच्या हुद्द्यावर चढून सुखरूप परतले. त्या चैत्रात ती स्वतः आमंत्रण घेऊन माझ्या खोलीवर आली, "अहो, यायचं हं," म्हणाली आणि कुंकवासाठी कपाळ पुढे केलं. मी करंडा फळीवरच राहू दिला. "ऱ्हाऊ द्या की, तुमाला लावल्यालं हाय." आता ती नाही. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. मी धरते.