आबांच्या भुंग्याची वायर

माझा धाकटा भाऊ घरातल्या वस्तूंना नवं तोंड बसवायचा. रेडिओ, बॅटरी, दाढीचं मशीन, काहीही हाती लागो, त्याची जुनी गोल पिन उपटायची आणि तिथे सी टाइपची बसवायची. मग जुना चार्जर भंगारात. "अक्का, आते बठ्ठा घरले एकच वायर," असं मला धुळ्याला फोन करून सांगायचा. सगळ्या घराला एकच वायर, याची मी थट्टा करायचे. म्हणायचे, आता बैलांनाही पिन बसव, चाऱ्याचं बघायला नको.

पण घरात एक वस्तू अशी होती, की तिच्यावाचून माणूस अडायचा. ती आमच्या वडिलांची, आबांची.

आबा भडगावकडच्या बैलबाजारात दलाली करायचे. त्यांचा आवाज बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचायचा. जन्मभर तंबाखू खाल्ली, घशात गाठ निघाली, आणि डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. श्वास गळ्याच्या भोकातून. बोलायला एक मशीन मिळालं, छोट्या बॅटरीएवढं. बटण दाबून गळ्याला लावलं की ते गुणगुणतं, आणि वर ओठ हलवले की त्या गुणगुणण्याचेच शब्द होतात. आवाज सपाट, ना राग ना लाड. आम्ही त्याला भुंगा म्हणायचो. आबांना अक्षरओळख नव्हती, त्यामुळे लिहून सांगायचीही सोय नाही. भुंगा बंद म्हणजे आबा मुके.

माय तेवढी त्यांचे ओठ वाचायची. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तरी वाचायची. कसं, ते तिलाच ठाऊक.

एकदा विजेच्या झटक्यात भुंग्याचा चार्जर जळाला. तसा दुसरा जळगावातही मिळेना. भावाने भुंगा उघडला, सी टाइपची पिन बसवली, कडा काळ्या गोंदाने लिंपल्या. चार्जिंगचा लाल दिवा त्या गोंदाखाली गेला. "दिवानं काय काम शे?" म्हणाला. देव्हाऱ्याजवळ एक जुना पांढरा चार्जर कायम बोर्डात खोचलेला असायचा. त्याच्या वायरला भुंगा लावून ठेवला आणि आबा पुन्हा बोलायला लागले. पहिला फोन मला केला. "कशी शे बेटा?" मी रडले, खोटं कशाला सांगू. त्या दिवशी भावाचं मनापासून कौतुक वाटलं.

हिवाळ्यात आबांच्या छातीत कफ भरला. त्यांना जळगावच्या एका दवाखान्यात अतिदक्षता विभागात ठेवलं. मीही धुळ्याहून आले. भावाने भुंगा घेतला आणि सोबत आपल्या नव्या फोनचा चार्जर, दोन्ही टोकांना सी पिन असलेल्या वायरचा. पांढरा चार्जर घरीच राहिला. एकाच वायरवर सगळं घर चालतं म्हटल्यावर दुसरा कशाला न्यायचा? भुंग्यातली चार्जिंग संपली तेव्हा त्याने तो या नव्या वायरला लावून ठेवला. वीज आत जातेय की नाही हे सांगणारा दिवा गोंदाखाली. बऱ्याच वेळाने बटण दाबलं, तर हूं नाही की चूं नाही. वायर उलटी करून लावली, बोर्ड बदलला, नर्सबाईंचा चार्जर मागून आणला, तोही तसाच नवा. शेवटी भाऊ म्हणाला, मशीनच गेलं.

आबा ओठ हलवत राहिले. मला वाटलं, पाणी मागताहेत. भावाला वाटलं, पंखा बंद करायला सांगताहेत. आबांनी चिडून त्याचा हात ओढला आणि त्याची बोटं दाबायला लागले, बाजारात रुमालाखाली दाबायचे तशी. पण त्या बोटांत फक्त बैलाचा भाव सांगता येतो.

माय दाराच्या काचेतून बघत होती. म्हणाली, "घर लई चाला म्हणी ऱ्हायनात ते." घरी घेऊन चला, असं तिने वाचलं होतं.

"माय, तुले जोडेनं दिखत नही, अन् काचमाईन ओठ दिखनात?" भाऊ तिच्यावर खेकसला.

जवळचं न दिसणारीला काचेपलीकडचे ओठ कसे दिसतील, मलाही त्याचंच खरं वाटलं. डॉक्टर थांबा म्हणत होते, आम्ही थांबलो. आबा तिथेच गेले, अंगाला नळ्या लागलेल्या असताना, परक्या माणसांत.

दहाव्याला गिरणेच्या काठी पिंड ठेवला. मीही गेले होते. कावळे बाभळीवर बसून होते, एकही खाली येईना. अशा वेळी गेलेल्या माणसाचं मन कशात अडकलं असेल ते ओळखायचं आणि मोठ्याने कबूल करायचं असतं. भावाने हात जोडले. मायला सांभाळीन म्हणाला. बैलजोडी विकणार नाही म्हणाला. अक्काचं माहेर तुटू देणार नाही म्हणाला. भाऊबंद मागून एकेक सुचवत होते. ऊन चढलं. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवला आणि सगळे मोकळे झाले. मला मात्र संताप आला होता. कोणाचा, ते धड सांगता येत नव्हतं.

माय घरीच होती. दवाखान्यातून परत आलेला भुंगा तिने सवयीने देव्हाऱ्याजवळच्या पांढऱ्या चार्जरला लावून ठेवला होता. आम्ही दारात पाय धूत होतो. तिने तो उचलला, बटण दाबलं, आणि भुंगा गुणगुणायला लागला.

भावाच्या हातातला तांब्या तसाच राहिला. दवाखान्यात तो का चालला नाही, ते त्याने पुढे शोधून काढलं. दोन्हीकडे सी असलेली वायर समोरच्या वस्तूकडून खूण मिळाल्याशिवाय वीज सोडत नाही, आणि ती खूण देणारे राळ्याच्या दाण्याएवढे दोन तुकडे त्याने बसवलेच नव्हते. जुना पांढरा चार्जर, ज्याच्या वायरला एकाच टोकाला सी होतं, कोणाला काही विचारत नाही. तेव्हा आम्हाला इतकंच कळलं, की मशीन चांगलं होतं.

मायने भुंगा आपल्या गळ्याला लावला, आबा लावायचे तिथेच, आणि नुसते ओठ हलवले. बाई बोलते की बुवा, ते भुंग्याला कळत नाही. आबांचाच सपाट आवाज घरात आला.

"माले घर लई चाला."

भाऊ ओल्या पायांनी उंबऱ्यावर बसला. मायने बटण सोडलं नाही. ती पुन्हा तेच म्हणाली.