जुव्यावरची खोप

श्रावणातल्या तापातून शेवंती उठली खरी, पण उठून मागच्या पडवीतल्या खांबाला टेकून बसली ती बसलीच. ताप गेला होता. पेजेचं पाणी पोटात टिकत होतं. तरी ती चुलीकडे गेली नाही, गोठ्याकडे फिरकली नाही. सकाळी सून सावित्री तिला हाताला धरून खांबापाशी आणून बसवी आणि दिवेलागणीला आत नेई. मधल्या वेळात शेवंती समोरच्या खाडीकडे बघत राही. कुणी काही विचारलं तर हूं म्हणे, नाहीतर तेही नाही.

तिचा नवरा परशुराम हे बघून आतल्या आत खचत चालला होता. शिरवठार गावात त्याची थोडी भातशेती, थोडे माड आणि एक जुनी होडी होती. इतक्या वर्षांच्या संसारात ही बाई दिवसाउजेडी बसलेली त्यानं कधी पाहिली नव्हती. जेवायलाही ती एक गुडघा वर ठेवून बसे, म्हणजे हाक आली की उठायला बरं. घरात तिचा आवाज कमी आणि भांड्यांचा जास्त, असंच त्याला माहीत होतं. आता भांडी सावित्री वाजवायची, आणि ती वाजली की परशुराम उठून बाहेर जायचा.

भात कापून झाल्यावर तो तिला होडीत घालून मालवणला डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "आजार संपलाय. आता यांना हवापालट हवा. कुठंतरी चार दिवस न्या. नाहीतर या अशाच बसून राहतील."

घरी आल्यावर परशुरामानं शेजारच्या बाबलीला गाठलं. "हवापालट म्हंजे नेमकी काय करतत रे?"

"सायब लोक महाबळेश्वराक जातत, ता," बाबली म्हणाला. "तू पण जा. जाताना माझी म्हस घेवन जा. ती पण बसान आसा."

परशुराम हसला नाही. त्याला खरंच कळत नव्हतं. शेतकऱ्यानं घर सोडून नुसतं जाऊन राहायचं, तेही काही कामाशिवाय, हे त्याच्या सात पिढ्यांत कुणी केलं नव्हतं. कुणाकडे जाणार? काय सांगून जाणार?

आणि मार्गशीर्षात देवानं गावपळणीचा कौल दिला.

त्या बाजूच्या काही गावांत ही रीत आहे. तीन-चार वर्षांनी एकदा सगळं गाव घरंदारं बंद करून शिवेबाहेर जातं. गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळं बरोबर. तीन दिवस आणि तीन रात्री गावात चूल पेटत नाही, दिवा लागत नाही, माणसाचा शब्द होत नाही. तेवढे दिवस गाव देवाचं. माणसं बाहेर झावळांच्या खोपी घालून राहतात. शेत नाही, आंगण सारवणं नाही. भजनं होतात, बायका फुगड्या घालतात, पुरुष पत्ते कुटतात. मग चौथ्या दिवशी पुन्हा कौल लावायचा. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर फुलाच्या पाकळ्या चिकटवतात. उजवी पडली तर घरी यायचं, डावी पडली तर आणखी एक दिवस बाहेर. अठ्ठावन्न सालची ती पळण.

"तुझी हवापालट देवानच केल्यान," बाबली म्हणाला, आणि या वेळी परशुरामाला ते पटलं. त्यानं दरवेळेप्रमाणे शिवेबाहेरच्या सड्यावर, वरच्या कातळमाळावर, सगळ्यांच्या ओळीत खोप घातली. या खेपेला झावळा दुहेरी लावल्या, वारा लागू नये म्हणून. आत पेंढ्याची जाड गादी केली. ज्या जिवावर घर चाललं होतं तो जीव या तीन दिवसांत परत हलला नाही, तर पुढं काय, हा विचार तो झावळांच्या गाठींबरोबर आवळून ठेवत होता.

निघायच्या सकाळी गाव नुसतं खळबळत होतं. डोक्यावर डाली, डालीत कोंबड्या, गोणत्यात मांजरं. शेवंतीसाठी परशुरामानं एक खुर्ची मागून आणून तिला वासे बांधले होते. चौघांनी ती उचलली. आणि खुर्चीतून शेवंती म्हणाली, "सड्यार नको."

खुर्ची खाली आली. "मग खंय?" परशुरामानं विचारलं.

तिनं हात लांब केला. "थंय. जुव्यार."

परशुरामानं तिच्या बोटाच्या रोखानं बघितलं. जुवा, म्हणजे खाडीच्या मध्यावरचं ते वाळूचं आणि माडांचं लहानसं बेट, सकाळच्या उन्हात होता, रोज असतो तसाच. तिथंच तिचं माहेर होतं. तिथूनच त्यानं तिला होडीतून नवरी करून आणलं होतं. पुढं तिचा बाप वारला, भाऊ मुंबईला गेले, घर पडलं. आता नारळ पाडायला गेलं तरच कुणी तिथं जाई. हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. पण इतके महिने ती काहीच बघत नाही असं तो धरून चालला होता. पडवीच्या त्या खांबापासून सरळ रेघ ओढली तर जुव्यावरच जाते, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"गो वैनी, थंय काय आसा? खेकडे?" खुर्चीचा एक वासा धरून उभा असलेला बाबली म्हणाला.

"खेकडे तरी बरे," शेवंती म्हणाली. "सड्यार तुमी आसात."

सगळे हसले. परशुराम तेवढा हसला नाही. श्रावणापासून ती एका दमात इतकं बोलली नव्हती. त्यानं जाऊन गावचे मानकरी असलेल्या म्हाताऱ्या गावकरांना विचारलं, जुवा शिवेत की शिवेबाहेर? गावकर खाडीकडे बघून म्हणाले, "पाणी ओलांडला की शीव सोपली. जा." गाय बाबलीच्या गुरांबरोबर सड्यावर गेली. परशुरामानं दुहेरी झावळांची ती खोप सोडली, ओझं करून उतरवली आणि होडीत घातली. शेवंती, सावित्री आणि सावित्रीची तीन वर्षांची येसू अशा तिघी बसल्या. मुलगा गुरुदास मुंबईत गोदीत होता.

होडी वाळूला लागली तेव्हा परशुरामानं शेवंतीला धरायला हात पुढं केला. तिनं तो घेतला नाही. लुगडं वर खोवून ती घोटाभर पाण्यात उतरली आणि तशीच थोडा वेळ उभी राहिली. मग चालू लागली. पाय लटपटत होते, पण थांबले नाहीत. जुन्या घराचं जोतं करवंदीत बुडालं होतं. त्याला एकदा हात लावून ती पुढं गेली.

खोप उभी राहिली आणि सावित्रीनं घागर घेतली. ती कुडाळच्या बाजूची, शेतातली पोर, खाऱ्या पाण्याला भिणारी. "आये, पाणी खंय? विहीर तर खारी आसतली."

"वायच थांब. व्हवटी लागांदे."

ओहोटी लागली, पाणी हटलं. माडांच्या ओळीखाली एका ठिकाणी शेवंती गुडघ्यांवर बसली आणि करवंटीनं वाळू उकरू लागली. हात-दीड हात खाली गेल्यावर खड्ड्यात पाणी झिरपलं. पहिलं गढूळ पाणी तिनं फेकलं, दुसरं आलं ते निवळ. करवंटी भरून तिनं नवऱ्यापुढं धरली. परशुरामानं भीत भीत जीभ लावली. नारळाच्या पाण्यासारखं गोड. चारी बाजूंनी खारी खाडी, पन्नास पावलांवर खेकडे चालताहेत, आणि मधे हे. त्यानं सगळी करवंटी संपवली आणि खड्ड्याकडे बघत राहिला. सबंध आयुष्य या खाडीवर काढलं होतं त्यानं.

"ह्यां तुका कोणी दाखवल्यान?"

"कोणी कित्याक दाखवूचा? आमी ह्यांच पियालांव, ह्यांच न्हालांव."

दुसऱ्या दिवशी पहाटे तो नेहमीसारखा उठला आणि त्याचा हात कुदळ शोधू लागला. कुदळ घरी होती. करायला काही म्हणजे काहीच नव्हतं. तो खोपीच्या तोंडाशी आडवा झाला. ऊन वर आलं तरी आडवाच. समोर उथळ पाण्यात शेवंती पायांनी वाळू चाचपत चालली होती; मधेच थांबायची, पायाच्या बोटांनी काहीतरी धरायची, वाकून तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, उचलून ओटीत टाकायची. मागून येसू तिची नक्कल करत होती आणि दगड उचलून आणत होती.

"आजये, ह्यां?"

"तां शिजूचा नाय गो. आजोबांच्या दातांक दी."

दुपारी तिसऱ्यांचं एकशिपी कालवण आणि भात. सावित्रीनं बोटं चाटली. मग सासूनं तिला कासोटा घालायला लावून कमरेइतक्या पाण्यात नेलं. सावित्री ओरडत होती, "आये, सोडू नको, मरान मी." शेवंतीनं तिच्या पाठीखाली तळहात धरले. "आंग सोड. भात टोपलीत टाकतस तसा टाक." आणि एका क्षणी हात काढून घेतले. सावित्री पाण्यावर होती. डोळे गच्च मिटलेले, तोंड उघडं, वेणी सुटून पाण्यावर पसरलेली. डोळे उघडून तिनं वर आभाळ बघितलं आणि ओरडायची थांबली.

ज्या बाईला चार दिवसांपूर्वी हाताला धरून आत न्यावं लागे तीच ही, हे परशुराम पुन्हा पुन्हा मनाशी म्हणत होता, आणि ते बसत नव्हतं. आपल्या घरात इतकी वर्षं वावरली त्या बाईत ही कितीशी होती, असं काहीसं त्याच्या मनात आलं आणि तो विचार त्यानं पुढं नेला नाही.

संध्याकाळी येसूला घेऊन दोघं पाण्याच्या काठाला बसली. समोर गाव होतं. आपलं गाव त्यानं या बाजूनं असं बसून कधी बघितलं नव्हतं. कौलं, माड, देवळाचा कळस, सगळं जागच्या जागी. पण एका घरातून धूर नाही, एक कुत्रं भुंकत नाही. भरतीच्या पाण्याचा आवाज गावातून परत येत होता. दर पळणीला तिथं अशी शांतता उतरत असणार; सड्यावरून ती कधी ऐकू आली नव्हती. परशुरामाला आपलंच घर दुसऱ्या कुणाचं वाटलं, आणि त्याचे हात नकळत जुळले.

"ओ, थंय बघा," शेवंती हळूच म्हणाली.

त्यांच्या घाटावर, सावित्री धुणं आपटते त्या दगडावर, काहीतरी हललं. पाण्यातून एक लांब, चकचकीत अंग वर आलं, मग दुसरं, मग दोन लहान. पाणमांजरं. दगडावर लोळली, एकमेकांच्या अंगावर चढली, एक पिलू घसरून पाण्यात पडलं आणि पुन्हा वर आलं. मोठं एक पायऱ्या चढून थेट पडवीपर्यंत गेलं. शेवंती बसायची त्या खांबापाशी थांबलं, वास घेतला, आणि आलं तसं परत गेलं. येसूसुद्धा गप्प बसून बघत होती. अंधार पडला.

मग परशुराम म्हणाला, "इतके म्हयने तू ह्याच बघी होतंस? हय यावचा म्हणान?"

"बघूक काय पैशे पडतत?" ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "माका वाटला, मरूच्या आधी एकदा तां पाणी पियाक मिळात तर बरा."

त्यानं येसूला उचलून खोपीत नेलं. पण रात्रभर त्याच्या मनात एकच होतं, चौथा दिवस. इथून नेल्यावर ही परत त्या खांबाला टेकली तर?

चौथ्या दिवशी सकाळी तो कौलाला देवळात गेला. गावचे पुरुष दाटीवाटीनं उभे होते. सगळ्यांचा जीव घराकडे लागला होता. पेंढा संपला होता, पोरं किरकिरत होती. देवापुढं गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्या गावाचं मागणं, सुरू झालं. परशुरामानं हात जोडले आणि आयुष्यात पहिल्यांदा गावाच्या विरुद्ध मागणं मागितलं. डावी पडू दे. एकच दिवस.

उजवी पडली. तीही लगेच.

ढोल वाजला, लोक पांगले. बाबली त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "तोंड कित्याक पाडलंस? घराक चाललंस, कोर्टात नाय." परशुरामानं होडी सोडली. एरवी दहा हात मारून पार होणारी खाडी त्या दिवशी संपता संपेना. काय सांगायचं, कसं सांगायचं, हेच तो वल्हवत होता.

ढोल शेवंतीनं ऐकलाच होता. भांडी घासून, बांधून, ती येसूची वेणी घालत बसली होती.

"देवान बोलवल्यान," तो म्हणाला.

"मग जावक व्हया. घर बंद किती दिवस ठेवतलास?" ती उठली. सावित्रीनं सामान होडीत नेलं. परशुराम खोपीकडे वळला आणि पहिल्या झावळेच्या गाठीला हात घातला.

"ती मोडू नकात," मागून शेवंती म्हणाली. "ऱ्हवांदे."

गाठ सोडायला घेतली होती, ती त्यानं परत आवळली. एक पीळ जास्त दिला.

घरी आल्यावर पडवीतल्या खांबाकडे बघायचा त्याला धीर होईना. दुपारी बघितलं. खांब रिकामा होता. आतून गुळाच्या मडक्यात मुंग्या कुणी सोडल्या म्हणून सावित्रीला बोलणं बसत होतं, आणि भांडी वाजत होती.

खोप मग राहिलीच. दर कार्तिकात परशुराम तिला नव्या झावळा घाली, आणि भातं झोडून झाली की दोघं चार दिवस तिथं जाऊन राहत. काही करत नसत. गावानं तिला 'परशूचो बंगलो' असं नाव ठेवलं. एका मे महिन्यात गुरुदास मुंबईहून आला, तोही तिथं जाऊन तीन दिवस झोपला, आणि आईनं त्याला तेवढ्यात खाडी पोहून पार करायला लावली.

बासष्ट साली पुन्हा पळण झाली. चौथ्या दिवशी परशुराम देवळात मागच्या रांगेत उभा होता. या वेळी त्यानं काहीच मागितलं नाही. डावी पाकळी पडली. सगळ्या देवळातून एक दीर्घ उसासा निघाला, आणि बाबलीनं मान वळवून सावकाश त्याच्याकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघतंस?" परशुराम म्हणाला. "मी नाय काय सांगलंय."

तो होडी घेऊन जुव्यावर आला. शेवंती वाळूत खड्डा उकरत होती.

"आणखी एक दिवस," तो म्हणाला.

तिनं करवंटी खाली ठेवली, पदर खोवला आणि पाण्याकडे निघाली. "मग तिसरे काढूक व्हये," ती म्हणाली. "तुमी येतास?"

परशुरामानं धोतर वर घेतलं आणि तिच्या मागून पाण्यात उतरला.