एकवीस दिवस बांधलेला पाईप

मुरबाडचे गुरांचे डॉक्टर परवा गेले.
त्यांचं नाव मी खराब केलं होतं.

प्रोफाइल माझं, बोटं सुनेची. मला अक्षर येत नाय. ती मध्येच थांबून विचारते, आई, हे पण लिहू? लिव गो, सगळं लिव.

तेव्हा आमच्या शेणव्यात मोबाईल दोघांकडे होता आणि रेंज कोणाकडेच नव्हती.
मालक जाऊन वर्ष झालं होतं. मुलगा कल्याणला.
घरात मी आणि टिप्या. टिप्या कुत्रा. घरातला पुरुष माणूस म्हणाल तर तोच.

त्याला जीपने उडवलं. हाड मोडलं नाय, पण पुढचा पंजा मेला. उलटा वळायचा, आणि हा पंजाच्या पाठीवर फरफटत चालायचा. ओटीवर रक्ताचे डाग.

लोक म्हणाले, तानशाच्या जंगलात सोडून ये.
मी म्हटलं, आधी तुमाला सोडते, मग त्याला.

एवढं तोंड चालवलं, पण घाबरले होते. तो गेला असता तर दिवसभर बोलायचं कोणाशी?

गोणपाटात घालून एसटीने मुरबाडला नेला. कंडक्टर म्हणाला, कुत्र्याचं तिकीट लागेल. म्हटलं, हाफ द्या, शाळेत जातो अजून.

डॉक्टर दवाखान्यामागच्या खोलीत एकटेच राहायचे. एक ताट, एक पेला.
त्यांनी टिप्याला उभा केला. पायाला कागद गुंडाळून माप घेतलं. नळाचा प्लास्टिकचा पाईप कापला, स्टोव्हवर गरम करून वाकवला, कडा घासल्या, आत स्पंज चिकटवला, वर जुन्या दप्तराचे पट्टे.
"मावशी, ह्याला स्प्लिंट म्हणतात. टिप्याच्याच मापाची आहे. दुसऱ्या कुणाला बसायची नाय."

टिप्या चक्क चार पायांवर उभा राहिला. मी रडले. पदराने नाक पुसलं आणि म्हटलं, तुमच्या स्टोव्हचा धूर.

बाहेर म्हशींची रांग लागलेली. डॉक्टरांनी घाईत कागदावर काहीतरी लिहिलं.
"वाचता येतं ना?"

आता रांगेत आमच्या ओळखीची दोन माणसं उभी.
"येतं तर," मी म्हटलं.

कागद देव्हाऱ्यात ठेवला. त्यापेक्षा बरी जागा घरात नव्हती.

आमच्याकडे हाड मोडलं की वैदू बांबूच्या कामट्या बांधतो आणि सांगतो, एकवीस दिवस सोडायच्या नाय. मी म्हटलं, ह्या इंग्लिश कामट्या.
एकवीस दिवस सोडल्या नाय. सैल वाटल्या तर अजून आवळल्या.
टिप्या कण्हायचा, पट्टे चावायचा. मी त्यालाच ओरडायचे.

एकविसाव्या दिवशी सोडलं तर वास आला. दोन बोटं काळी पडलेली.

परत मुरबाड. डॉक्टरांनी दोन्ही बोटं काढली, पाय वाचवला. हात धुता धुता विचारलं, मावशी, रोज सोडत होता ना?

"रोज," मी म्हटलं.

ते पाईपकडे बघत बसले. मग हळूच म्हणाले, "मग माझंच माप चुकलं."

दुसरा पाईप केला, ह्यात हवेला भोकं. या वेळी कागद दिला नाय.
समोर बसवून तोंडी सांगितलं. तीन-चार तासांनी सोडायचा, झोपताना काढायचा, कातडी बघायची, बोटं चोळायची, पंजा पंधरा वेळा सरळ करायचा. माझ्याकडून म्हणून घेतलं, पाढ्यासारखं. दोनदा.

तेव्हाच कळलं मला. त्यांना समजलं होतं.
तरी एक शब्द बोलले नाय.

आणि मी?
गावात लोक म्हणाले, त्या डॉक्टरच्या पाईपने कुत्र्याचा पाय सडवला. मी भाकरी थापत गप्प बसले. ही गोष्ट किन्हवलीपर्यंत गेली. आमच्या बाजूचं कोणी कुत्रं घेऊन त्यांच्याकडे जाईना.
एक शब्द मी पण बोलले नाय.

टिप्या पुढे नऊ वर्षं चालला, पाईप वाजवत, माझ्या मागे मागे. टक टक. घर रिकामं वाटलं नाय कधी.
तो गेल्यावर खरं सांगायचं ठरवून मुरबाडला गेले. डॉक्टर म्हातारे झाले होते. चहा केला, एकच पेला होता म्हणून मला पेल्यात दिला, स्वतः वाटीतून प्यायले. टिप्या गेल्याचं ऐकून वाटी खाली ठेवली. त्यांच्याकडे कोणी येत नव्हतं, हे दिसत होतं.
मी चहा प्यायले आणि उठले.

परवा कळलं, गेले. आता ह्या घरात भिंतींना सांगून काय उपयोग? म्हणून इथे सांगते.

शेणव्याच्या, किन्हवलीच्या माणसांनो, डॉक्टरांचं माप बरोबर होतं. पाईप मी सोडला नाय. वाचता येतं असं खोटं सांगितलं, आणि ते झाकायला दुसरं.

डॉक्टर, तुमी सगळं जाणून गप्प राहिलात. मी उशीर केला.
शेणव्याच्या मावशीचा शेवटचा नमस्कार घ्या.