सुंदराचे उपवास

भात कापणीला आलं असताना पाऊस लागून राहिला आणि सावळारामचं निम्मं पीक शेतातच कुजलं. टोकावड्याहून दर आठवड्याला एस.टी.तून लेकीसाठी येणारी तांदळाची पिशवी आधी हलकी झाली, मग बंद पडली. सत्त्याण्णव साल होतं. त्याची लेक सुंदरा शहापूरच्या कॉलेजात शिकत होती, सापगावात सकुबाईच्या पडवीतल्या खोलीत निशिगंधा या मैत्रिणीबरोबर राहत होती. खायला काही उरलं नाही असं घरी कळवावं तर बाप माघारी बोलावणार आणि उन्हाळ्यात लग्न लावून टाकणार. तिने कळवलंच नाही.

"बस गो जेवायला," निशिगंधा म्हणाली तेव्हा सुंदराच्या तोंडून निघून गेलं, "आज माझा सोमवार हाय."

मग मंगळवार आला, गुरुवार आला, शनिवार आला. बिनदुधाचा चहा आणि मूठभर चुरमुरे यांवर दिवस निघायचा. मधल्या वारी पातळ पेज.

आळीतल्या बायकांत तिचं नाव झालं. "एवढ्याशा वयात काय निष्ठा!" म्हणत त्या हळदीकुंकवाला तिला आधी पाटावर बसवू लागल्या. घरमालकीण सकुबाईही तिच्या पाया पडू लागली. एकीने तर तापलेलं पोर आणून तिच्या मांडीवर ठेवलं, म्हणाली, "हात फिरव गो याच्यावर." सुंदराला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. आता कुणी काही देऊ केलं तरी खायची चोरी झाली होती.

फणीत केसांचे पुंजके यायला लागले. पाळी थांबली. फळ्यावरची अक्षरं हलायची, वाचलेलं पान मिटलं की कोरं व्हायचं. निशिगंधाच्या फोडणीचा वास आला की तिच्या अंगाचा भडका उडे. ती विनाकारण मैत्रिणीवर ओरडायची, मग तोंड फिरवून रडायची. पुढे राग आणि रडू दोन्ही आटलं. भिंतीकडे बघत बसायची. आपण नसलो तर एक ताट कमी, एवढंच, असं तिला वाटायला लागलं, आणि त्या वाटण्याची भीतीही वाटेनाशी झाली.

माघात एका सकाळी विहिरीवर हंडा उचलताना ती कोसळली. दवाखान्यात नर्सने विचारलं, "काल काय जेवली होतीस?"

"तिचे कडक उपास असतात," निशिगंधा कौतुकाने म्हणाली.

सकुबाई खाटेशी वाकली. "कुठल्या देवाचे गो?"

सुंदरा म्हणाली, "देवाचे नाय, मावशी. घरून तांदूळ येत नाय."

निशिगंधा खाली बघू लागली. सकुबाईने पदराने सुंदराचं तोंड पुसलं. "माझ्या पडवीत उपाशी राहिलीस आन् मी तुझ्या पाया पडत व्हते! आमी बी कंद उकडून दिवस काढलेत. त्याची लाज कसली? आजपासून तू माझ्या चुलीवर जेवायचं."

निरोप मिळताच सावळाराम आला. "मला सांगायचं व्हतंस."

"सांगितलं असतं तर घेऊन गेला असतास, बा."

त्याने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. "गेलो असतो," तो म्हणाला. पण त्या दिवशी तो एकटाच परतला.

त्या वर्षी सुंदरा नापास झाली. पाळी पावसाळ्यात आली, पण मन मागेच रेंगाळलं. ती घाईघाईने, कुणी ताट ओढून नेईल तसं खायची, अर्धी भाकरी उशीखाली दडवायची. निशिगंधाला दिसायचं. मुंग्या लागल्या की ती फक्त चादर झटकून द्यायची.

दुसऱ्या खेपेला सुंदरा पास झाली. पुढे मुरबाडला एका पतपेढीत तिला नोकरी लागली, लग्नही तिने आपल्या पसंतीने केलं. अंगात रक्त कमी ते कमीच राहिलं, बाळंतपणात डॉक्टरांची धावपळ झाली. मुलगी झाली तेव्हा सकुबाई सापगावहून डिंकाचे लाडू घेऊन आली होती. सुंदराने तिच्यासमोर दोन खाल्ले, सावकाश, एकेक घास चावून.