इथे कुसुम कुणी राहत नाही

सोलापूरच्या सुलोचनाकाकू नसत्या, तर मी आज पुन्हा बर्फाच्या कारखान्यात उभी असते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे लिहिताना मीच सारखी मध्ये येईन आणि त्या मागे राहतील. काकूंचा आणि कंप्यूटरचा काही संबंध नाही. त्या घरी बसून टॉवेलच्या कडा शिवतात.

मी रत्नागिरीजवळच्या एका बंदरावरची. नववीत शाळा सुटली, तेव्हापासून बर्फाच्या लाद्या फोडून होड्यांवर चढवायचं काम. अलीकडे सकाळी बोटं वळायला वेळ लागू लागला. मध्यंतरी कारखान्याचा कारकून आजारी होता, तेव्हा त्याचा कंप्यूटर मी सांभाळला आणि ते मला जमलं. मग फोनवर एक जाहिरात दिसली. सोलापुरातलं एक लहान ऑफिस तीन आठवडे प्रोग्रामिंग शिकवणार होतं. शाळेचा दाखला विचारणार नव्हते. शेवटच्या शनिवारी स्वतः लिहिलेला प्रोग्राम चालवून दाखवायचा, तो का चालतो ते सांगायचं. ज्याला जमेल त्याला कामावर घेणार. न जमल्यास माझ्यासाठी बर्फ होताच.

थंडीत निघाले. कोल्हापूरला गाडी बदलली. पिशवीचा बंद पायात अडकवून बसले होते, तरी दर थांब्याला वाकून पाहत होते. मिरजेनंतर माती काळी होत गेली. मंगळवेढ्याच्या आसपास तर नजर जाईल तिथवर ज्वारी, मध्येच एखादी बाभूळ. एवढं मोठं आभाळ मी फक्त समुद्रावर पाहिलं होतं. सोलापूर आलं का, असं कंडक्टरला तिसऱ्यांदा विचारल्यावर तो म्हणाला, "ताई, सोलापूर कुटं पळून जात न्हाय. झोपा की जरा."

ऑफिसवाल्यांनी काकूंच्या घरातली पुढची खोली बघून दिली होती. काकू नुकत्याच या घरात राहायला आल्या होत्या. साठीच्या, एकट्या. गल्लीत दोन्ही बाजूंनी मागांची खटखट चालू असे. कानाला ती दोन दिवसांत सवयीची झाली, समुद्राची असते तशी.

पहिल्या जेवणाला कडक भाकरी (ज्वारीची, पापडासारखी पातळ आणि वाळवून कुरकुरीत केलेली) आणि शेंगाचटणी (शेंगदाणे तेल सुटेपर्यंत कुटून केलेली) होती. भाकरीचा तुकडा मोडताना कट्‌कन आवाज झाला. मी भीत भीत म्हटलं, "काकू, ही वाळलीय हो."

"वाळली न्हाय, वाळिवलीया. तुमी कोकणात मासं वाळवता, आमी भाकरी वाळवतो. खा."

ऑफिस एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होतं. शिकणारे आम्ही पाच जण, त्यांतले चौघे पदवीवाले. शिकवायला इरफान सर. पहिल्या दिवशी सर म्हणाले, "आज आपण एक क्लास लिहू." मी वहीत क्लासचं नाव लिहिलं आणि पुढे वेळ लिहिली, सकाळी दहा ते एक. शेजारचा मुलगा हसला. सर हसले नाहीत.

"वो ट्यूशनवाला क्लास नै," ते म्हणाले. "हा क्लास म्हंजे नमुना. टॉवेलचा नमुना समज. लांबी किती, रंग कोणता, एवढंच त्यात. पर नमुने से मुँह पोंछते क्या? नै ना? मग त्या नमुन्यावरून खरा टॉवेल काढायचा. त्याला ऑब्जेक्ट म्हणायचं. आणि काढायचा तर 'न्यू' लिहायचं." मग माझे हात कळफलकापासून वीतभर लांब आहेत हे पाहून म्हणाले, "डरती कायकू? काटता नै वो."

दोन आठवडे असे गेले. दुपारी सिद्धेश्वरच्या तळ्याकाठी डबा खायचा, संध्याकाळी घरी काकूंच्या मशीनशेजारी बसून वहीत लिहायचं. तिसऱ्या आठवड्यातल्या सोमवारी काकूंच्या डाव्या हाताच्या बोटात मशीनची सुई घुसली. मी हळद भरली, टॉवेलच्या चिंधीनं बोट बांधलं. "तुझी परीक्षा हाय, माझं बोट न्हाय," असं म्हणून त्या परत शिवायला बसल्या.

शनिवारच्या प्रोग्रामसाठी मी टॉवेलच निवडला होता. पहिला टॉवेल 'न्यू' लिहून काढला, रंग लाल. दुसरा तसाच हवा होता, म्हणून लिहिलं, दुसरा बरोबर पहिला. मग दुसऱ्याचा रंग निळा केला आणि प्रोग्राम चालवला. दोन्ही निळे! पहिल्याला मी हातही लावला नव्हता. पहिला पुन्हा लाल केला, तर दोन्ही लाल. गुरुवारी सकाळपर्यंत हेच चाललं होतं.

सरांनी पडद्याकडे पाहिलं. "मैं नै बताता. शनिवारला तूच मला सांग. घरी जा, वहीवर विचार कर."

घरी आले तर काकू शिवलेले टॉवेल पोचवायला गेल्या होत्या. अनोळखी कुणी आलं तर आत घेऊ नको, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं आणि मी तर आधीच घाबरट. दुपारी कडी वाजली. जाळीतून पाहिलं. पांढरी टोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ, हातात कापडी पिशवी.

"कुसुम हितंच ऱ्हाती नव्हं?"

"नाही. इथे कुसुम कुणी राहत नाही."

"न्हाय व्हय?" त्यांनी घराकडे, मग शेजारच्या घराकडे पाहिलं. "समद्या गल्ल्या सारख्याच की हितं. चुकलं आसंल." आणि ते गेले. मी दार लावून परत वहीत डोकं घातलं.

तासाभरानं काकू आल्या, मागून तेच गृहस्थ. कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यापाशी त्यांना भेटले होते.

"ही बगा, आमची कंप्यूटरवाली!" काकू म्हणाल्या. "मोडनिंबास्नं सख्खा भाऊ आला, तर म्हनली कुसुम ऱ्हात न्हाय. मला माझ्याच घरातनं काढली की गं!"

"काकू, पण तुम्ही तर सुलोचना."

"आगं, कुसुम म्हायेरची, सुलोचना सासरची. नावं दोन आसली तरी बाई येकच न्हवं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लग्नात नाव बदलतात हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. माझ्या आईचीही दोन नावं आहेत. पण ते त्या वेळी सुचलंच नाही. भाऊ मात्र रागावले नव्हते. "ऱ्हाऊ दे गं, राखन चांगली करती पोरगी," म्हणाले आणि पिशवीतून हुरडा (भाजून सोललेले ज्वारीचे कोवळे दाणे) काढला. काकूंनी तो पुन्हा तव्यावर गरम केला आणि शेंगाचटणी टाकून ताटली माझ्यापुढे सरकवली. हिरवे, गोडसर दाणे. आमच्याकडे असं काही मिळत नाही.

त्या ताटली सरकवत असताना भावाचं लक्ष त्यांच्या बोटावरच्या चिंधीकडे गेलं. "कुसे, बोटाला काय झालं?"

मी खाता खाता थांबले. सुई सुलोचनाकाकूंच्या बोटात घुसली होती. चिंधी मीच बांधली होती. आणि बोट कुसुमचं दुखत होतं. दुसरं बोट होतंच कुठे?

वही ओढून घेतली. दुसरा बरोबर पहिला. मी दुसरा टॉवेल काढलाच नव्हता. एकाच टॉवेलला दोन नावं दिली होती. 'न्यू' एकदाच लिहिलं होतं.

"काय झालं हिला?" भाऊ म्हणाले.

"कळलं आसंल कायतरी," काकू म्हणाल्या. "खाऊ द्या तिला."

शनिवारी पडद्यावर एक लाल, एक निळा टॉवेल आला. सरांनी विचारलं, आधी दोन्ही निळे का व्हायचे? तांत्रिक शब्द आठवेनात. मग मी कुसुम आणि सुलोचना सांगितल्या, बोट सांगितलं, दारातून परत पाठवलेला भाऊही सांगितला. सर खुर्चीत मागे टेकले. "बस, बस. समझ गया मैं," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यापासून ये."

सामान आणायला गावी निघाले, तेव्हा काकूंनी कडक भाकरीची चवड बांधून दिली. त्या कधी समुद्राकडे गेलेल्या नाहीत. "हिप्परग्याच्या तळ्याएवढा आसंल की?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "थोडा मोठा आहे."

परतीच्या गाडीत पिशवीचा बंद पायात अडकवायचं विसरले, हे आंबा घाट उतरताना माझ्या लक्षात आलं. घरी आईनं आधी माझी बोटं हातात घेतली. "वळतात काय गो आता?" वळत होती. प्रोग्रामिंग मला आलं असं मी म्हणणार नाही. एक गोष्ट कळली आणि तीही दुसऱ्याच्या घरी बसून, एका म्हाताऱ्या माणसाला दारातून घालवल्यावर.

या उपकाराची फेड मला एकाच प्रकारे दिसते. एक दिवस काकूंना आणि त्यांच्या भावाला समुद्र दाखवायला घरी आणीन. आमच्या वाडीत दोन्ही नावं आधी सांगून ठेवीन. त्यांना कुणी कोणत्याही नावानं विचारत आलं तरी आमचं दार उघडेल, हा माझा शब्द.